बिनवासाची दारू

शनिवारची सकाळची शाळा शिकवून शेवंताबाई घरी आली. भात टाकावा म्हणून तिनं तांदळाचा डबा पुढं ओढला, तर डब्यामागं वर्तमानपत्रात गुंडाळलेली बाटली. कागद सोडून तिनं ती खिडकीच्या उजेडात धरली. आत पाण्यासारखं स्वच्छ काहीतरी होतं. टोपण फिरवून वास घेतला, तर वास जवळजवळ नव्हताच. सुई टोचायच्या आधी नर्स दंडावर कापूस फिरवते तसला काहीतरी, तोही पुसट. लेबलावर इंग्रजीत ‘व्होडका’ असं छापलं होतं.

भीमसेननं, तिच्या नवऱ्यानं, दारूला कधी बोट लावलं नव्हतं. निदान तिची तशी समजूत होती. बँकेतल्या अधिकारी मंडळींची महिन्या-दोन महिन्यांतून कुणाच्या तरी घरी पार्टी असायची. तिथून तो आला की ती काहीतरी निमित्त काढून त्याच्याजवळ जायची, श्वास ओढून घ्यायची आणि निर्धास्त व्हायची. आता हातात ही बाटली धरून तिच्या मनात आलं, बिनवासाची दारू असते हे आपल्याला कुठं ठाऊक होतं? मग इतकी वर्षं हुंगून आपल्याला काय कळलं?

तिनं बाटली होती तशी गुंडाळून ठेवली आणि नवऱ्याची वाट बघत बसली.

भीमसेन आला तो बेळगावच्या खडेबाजारातनं खरेदी करून. पिशवीतनं उंच काचेचे सहा पेले निघाले, गुलाबाच्या सरबताची बाटली निघाली, संत्र्याच्या रसाची निघाली, आणि खायच्या हिरव्या रंगाची एक बारकी कुपी. तो तसाच स्वयंपाकघरात गेला, दिवाळीत घेतलेल्या नव्या फ्रीजमधनं बर्फ काढला आणि पेल्यात लाल सरबत ओतून त्यावर चमच्याच्या पाठीवरनं हळूहळू पिवळा रस सोडायला लागला.

"हे काय चाललंय?" शेवंताबाईनं दारातनं विचारलं.

"सरबत कराय शिकतोय."

"तांदळाच्या डब्यामागं हाय ते बी सरबतच व्हय?"

भीमसेनचा हात हलला आणि लाल-पिवळं एक झालं. पेला बाजूला ठेवून तो स्टुलावर बसला.

"मी पीत न्हाय, शेवंता. शप्पत सांगतो. पण मला ती माणसं एकदा घरात आणायची हाईत."

मग त्यानं सगळं सांगितलं. पार्टीची पाळी सगळ्यांवर यायची. मॅनेजर आण्णाप्पासाहेबांकडं झाली, रोखपाल मष्णूकडं झाली, परशरामाकडं तर दोनदा झाली. भीमसेन दरवेळी म्हणायचा, पुढच्या बारी माझ्याकडं. त्यावर कुणीतरी हसून म्हणायचं, तुम्ही तर पीत न्हाय, न पिणाऱ्याच्या घरात बसून काय मजा? उगंच वैनींना तरास. दोन वर्षं हेच चाललं होतं. कारण असं होतं की त्यावर बोट ठेवता येत नव्हतं. ते खरं कारण असेल, किंवा दुसरंच काहीतरी असेल. निपाणीच्या बौद्धवाड्यातनं आलेल्या माणसानं ते ‘दुसरंच काहीतरी’ विचारायचं कुणाला आणि कसं?

"म्हणून त्यांचं कारणच काढून घेणार," भीमसेन म्हणाला. "बेंगळूरला ट्रेनिंगला गेलतो न्हवं, तितं हाटेलात एक जण असला पेला करत हुता. तीन रंग, एकावर एक, कालवतच न्हाईत. सगळे साहेब लोक रांग लावून उभे. मी सोडा-लिंबू घेऊन शेजारीच उभा ऱ्हायलो आणि तो कसं करतोय ते नीट बघून ठेवलं. ह्याला कोण न्हाय म्हणतोय ते बघतोच मी."

शेवंताबाईनं मान हलवली, पण नवऱ्यावरचा संशय काही एकदम गेला नाही. तिनं बाटलीच्या लेबलावर पेन्सिलीनं बारीक खूण केली. कुठपर्यंत आहे ते.

भीमसेनची आई, पारूबाई, मागच्या खोलीत झोपायची. निपाणीत तंबाखूच्या वखारीत चाळण मारून तिनं मुलाला शिकवलं होतं. बोलताना अजून तिच्या घशात तंबाखूची धूळ खरखरायची. वखार सुटल्यावर चार बायकांबरोबर तीही एखादा घोट घ्यायची, पण बौद्ध धम्माची दीक्षा घेतली त्या दिवशी जी सोडली ती सोडली. ती भिंतीला धरत स्वयंपाकघरात आली, ओट्यावरच्या बाटलीकडं बघितलं आणि पोराला म्हणाली, "पाचवं शील म्हण बघू."

"आई, मी पीत न्हाय."

"पितोस का म्हणून मी इचारलंच न्हाय. म्हण म्हटलं."

बँकेत अधिकारी असलेल्या भीमसेननं खाली मान घालून ते, दारूपासून दूर राहायचं शील, म्हटलं.

"आता सांग, पाजीवणाऱ्याला त्यात सूट हाय व्हय?"

त्यानं बाटलीचं टोपण घट्ट केलं. मग म्हणाला, "ही माणसं माझ्या घरात काय तोंडात घालत्यात का न्हाय, एवढंच बघायचं हाय मला."

"मग पाणी देऊन बघ की. दारू कशाला पायजे?"

"पाण्याला न्हाय म्हणणं लई सोपं असतंय, आई. आत्ताच पिऊन आलो म्हटलं की संपलं. ह्याला तसं म्हणाय जमणार न्हाय."

पारूबाईनं बाटलीकडं पुन्हा एकदा बघितलं. मग भिंतीला धरत मागं गेली.

पुढचे काही दिवस भीमसेन बँकेतनं आला की पेले घेऊन बसायचा. पहिला नीट जमला तो दोनच रंगांचा झाला, खाली लाल आणि वर पिवळा. तो उजेडात धरून बघितल्यावर त्याच्या ध्यानात आलं, हा तर कन्नडवाल्यांचा झेंडा. बेळगावात हा पेला परशरामाच्या हातात दिला तर तो एकीकरण समितीचा माणूस काय म्हणेल? आणि नुसता भगवा केला तर कानडी आण्णाप्पासाहेब काय समजतील? त्यानं तो मोरीत ओतला. मग व्होडकात हिरव्या रंगाचे दोन थेंब टाकून ती सगळ्यात वर सोडून बघितली. ती हलकी असल्यानं वरच तरंगली. तळाला लाल, मध्ये पिवळा, वर हिरवा. शेवंताबाईनंही जवळ येऊन बघितलं. दिसायला छान होतं, हे तिला कबूल करावं लागलं.

अडचण एकच होती, चव कुणी बघायची? शेवंताबाईनं साफ नाही म्हटलं. शेवटी त्यानं व्होडका न घालता नुसतं सरबत केलं आणि आईपुढं नेलं.

"आधी तू पी," पारूबाई म्हणाली.

"अगं, नुसतं सरबत हाय."

"व्हय, तर मग पी की."

त्यानं अर्धा पेला पिऊन दाखवला. पारूबाईनं त्याच्या तोंडाकडं बघत थोडा वेळ जाऊ दिला. मग एक घोट घेऊन तिनं तोंड वाकडं केलं. "पाक प्यायल्यावाणी झालंय. लिंबू पीळ, आणि मिठाची कणी टाक." त्यानं तसं केलं. तिनं उरलेलं संपवलं. "पण मला हे पटलेलं न्हाय," रिकामा पेला परत देत ती म्हणाली.

बँकेत आमंत्रण देताना भीमसेननं प्रत्येकाचं तोंड नीट बघून घेतलं. आण्णाप्पासाहेब खुर्चीतनं पुढं झुकले. "व्होडका? आणि रंगीत? येनरी, काय हो कोलकार, तुम्ही तर छुपे रुस्तम निघालात! येतो की!" मष्णू म्हणाला, त्या दिवशी पोरीला बघायला पाव्हणं येणार हाईत. खरंच येणार होते की नाही, हे भीमसेनला शेवटपर्यंत कळलं नाही. परशराम म्हणाला, "येतो." पण म्हणायच्या आधी जरासा थांबला. भीमसेननं तिकडं दुर्लक्ष केलं, कारण परशराम म्हणजे त्याचा बँकेतला सगळ्यात जवळचा माणूस. आठ वर्षं शेजारी शेजारी टेबल. स्कूटर एकाची, पेट्रोल दोघांचं. परशरामावर संशय घ्यायचा तर मग विश्वास कुणावर ठेवायचा?

रविवारी संध्याकाळी बसायचं ठरलं. पुढच्या खोलीत बुद्धाची आणि बाबासाहेबांची अशा दोन तसबिरी होत्या. पारूबाई त्या उतरवायला निघाली, तसा भीमसेन तडकला. "हालवायचं न्हाय. ते बघून ज्यांना बसवंल ते बसतील."

"मी काय माणसांसाठी हालवाय लागल्ये व्हय? तुझ्या त्या बाटलीसाठी हालवाय लागल्ये."

शेवटी शेवंताबाईनं खुर्च्या उचलल्या आणि मागच्या अंगणात, कर्दळीच्या वाफ्याशेजारी मांडल्या. पाहुण्यांना मात्र पुढच्याच दारानं, तसबिरींसमोरनं आणलं.

भीमसेननं पेले बाहेर आणले तेव्हा अजून उजेड होता. आण्णाप्पासाहेबांनी पेला वर धरून फिरवून बघितला. "छलो झालंय रीऽ! हे प्यायचं की देव्हाऱ्यात ठेवायचं?" पहिला त्यांनी बघता बघता संपवला आणि दुसऱ्यासाठी हात पुढं केला. भीमसेनच्या कपाळावरच्या आठ्या गेल्या. तो आत-बाहेर करू लागला, बर्फ आणू लागला, चमच्याच्या पाठीवरनं रंग सोडू लागला.

शेवंताबाई स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभी होती. हातानं कांदा चिरत होती, डोळे मात्र बाहेर. आण्णाप्पासाहेबांकडं तिनं फारसं बघितलं नाही. बघत होती ती परशरामाकडं. तो हसत होता, बोलत होता, पेला ओठांजवळ नेत होता. खाली आणला की पेला तेवढाच. मग त्यानं बोटानं रंग ढवळले. तीनही रंग मिसळून गढूळ, मातकट पाणी झालं. साहेब मान मागं टाकून कसलासा किस्सा सांगत होते. भीमसेन बर्फाला आत आला होता. त्या वेळात परशरामानं हात खुर्चीखाली नेला आणि पेला कर्दळीच्या मुळात रिकामा केला.

सुरी शेवंताबाईच्या हातात तशीच राहिली. आपल्याला भास झाला असेल, असं तिला वाटलं. पण भीमसेननं त्याला दुसरा पेला दिला, आणि थोड्या वेळानं तोही तिथंच गेला.

ताटं वाढली. आण्णाप्पासाहेबांनी मटण दोनदा मागून घेतलं. परशराम पोटावर हात ठेवून म्हणाला, "वैनी, माफ करा. दोन दिस पोट बरं न्हाय." भात नाही, भाकरी नाही, पापडाचा तुकडासुद्धा नाही. जाताना साहेबांनी बाटलीत उरलेलं मागून घेतलं. परशरामानं भीमसेनच्या खांद्यावर हात टाकला, आणि "लई भारी झालं, गड्या" म्हणून तो निघून गेला.

भीमसेन इतका खुशीत होता की शेवंताबाईला त्या वेळी सांगवेना. सकाळी चहा देताना तिनं सांगितलं.

"काहीतरीच," भीमसेन म्हणाला. "परशराम? अंधारून आल्यावर तुला तसं दिसलं असंल."

"मग चला बघू."

दोघं अंगणात गेली. कर्दळीच्या बुंध्याशी माती चिकट झाली होती आणि तिच्यावर मुंग्यांची ही रांग लागली होती. भीमसेन उकिडवा बसला. उठला तेव्हा त्याचा चेहरा असा झाला होता की शेवंताबाईला वाटलं, न सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

त्या दिवसापासनं आठ वर्षं उलटी फिरायला लागली. बँकेत डबा उघडला की परशराम आधी स्वतःचा, बायको गुणाबाईनं भरलेला डबा पुढं करायचा, "घे रं, गुणानं केलंय." भीमसेनला ते प्रेम वाटायचं. आता वाटलं, आपल्या डब्यातलं मागायची वेळ येऊ नये म्हणून तो आधी देत असावा. त्यानं आपलं कधी काही खाल्लं होतं का? एकदा कांदाभजी घेतली होती. पण ती घरची होती की कँटीनची, हे काही केल्या आठवेना. घरी आला की परशराम दारातच बोलायचा, स्कूटर बंद न करता. घाईत असतो म्हणून? पारूबाईनं एकदा पाण्याचा तांब्या दिला होता. तो त्यानं हातात धरून ठेवला होता की प्याला होता?

"माझ्या डोक्यात भुंगा सोडलास बघ," तो शेवंताबाईला म्हणाला.

"मी सोडला? मी दिसलं ते सांगितलं."

"आण्णाप्पासाहेबानं वतलं असतं तर मला एवढं लागलं नसतं."

बँकेत तो परशरामाशी कामापुरतं बोलू लागला. परशरामानं एकदोनदा "काय झालंय रं?" म्हणून विचारलं, आणि मग तोही विचारेनासा झाला. स्कूटरवरनं एकत्र जाणं बंद पडलं. त्याच सुमाराला परशरामानं सुगीसाठी रजा घेतली आणि तो जांबोटीला, आपल्या गावाला गेला. एक रविवार तसाच गेला. दुसऱ्या रविवारी भीमसेन सकाळी उठला, आंघोळ केली आणि कुणाला काही न सांगता जांबोटीची एस.टी. धरली.

एस.टी.नं सोडल्यावरही बरंच चालावं लागलं. वाट झाडीतनं होती आणि विचारायला माणूस नव्हता. शेवटी भात झोडल्याचा आवाज आला आणि त्या आवाजाच्या रोखानं तो खळ्यावर पोचला. परशराम उघड्या अंगानं फळीवर पेंढ्या आपटत होता. भीमसेनला बघून हातातली पेंढी तशीच राहिली.

"तू? हितं?"

तो पुढं काही बोलायच्या आत त्याची आई रुक्माबाई घरातनं बाहेर आली. डोळ्यांवर हात धरून तिनं पाहुण्याला न्याहाळलं. इस्त्रीचा शर्ट, चष्मा, पायात बूट. "पाव्हणं कुठलं रं, परशराम?"

"निपाणीचं, आई. माझ्याच ब्यांकेतलं साहेब."

"आडनाव काय म्हणायचं?"

"पाटील," परशराम चटकन म्हणाला.

भीमसेननं ते ऐकलं. रुक्माबाई आत गेली आणि कपबशीतनं चहा घेऊन आली. भीमसेननं कप हातात घेतला. गुळाचा चहा होता, वाफा येत होत्या. परशराम जमिनीकडं बघत उभा होता.

"मावशी," भीमसेन म्हणाला, "परशरामाची जरा चूक झाली. माझं आडनाव कोलकार. आम्ही बौद्ध."

रुक्माबाईनं त्याच्याकडं बघितलं. मग मुलाकडं बघितलं. "ह्यो ल्हानपनापासनं लबाडच हाय," ती म्हणाली. मग भीमसेनला म्हणाली, "घ्या, निवाय लागलाय चहा." आणि आत गेली. भीमसेन चहा प्याला. गोड होता की अगोड, हे त्याला नंतर सांगता आलं नसतं.

दोघं पेंढ्यांवर टेकले.

"कर्दळीला मुंग्या लागल्यात," भीमसेन म्हणाला.

परशरामाला कळलं. तो उठला, खुंटीवरच्या शर्टाच्या खिशातनं गोळ्यांची पट्टी काढून त्यानं भीमसेनच्या हातात दिली. "मिरजेच्या डॉक्टरनं दिल्यात. ह्या खात असताना दारूचा थेंब जरी पोटात गेला तर माणूस आडवा होतोय. छाती फुटाय बघती. मागल्या साली मी रजेवर हुतो, तुम्हांस्नी काविळ सांगिटली. काविळ न्हवती ती. लई प्यायला लागलतो मी. सकाळी उठल्या उठल्या लागायची. आता गुणा रोज म्होरं हुबी ऱ्हाऊन गोळी गिळाय लावती."

"मला सांगायचं हुतं की."

"लाज वाटली. आणि आण्णाप्पासाहेबाच्या कानावर गेलं तर? त्यो स्वतः पिंपभर पिंल, पण माझ्या कागदावर काय लिहील कुणास ठावं. म्हणून मी हुभ्या वर्षात घोटभर घेतली न्हाय. साहेबाकडं मोरीत वतली. मष्णूकडं खिडकीतनं भाईर."

"मग मला कवाच कसं दिसलं न्हाय?"

"तितं तू बघत न्हवतास," परशराम म्हणाला.

हे खरं होतं. भीमसेननं पट्टी उलटसुलट करून बघितली. काही रिकाम्या, काही भरलेल्या. त्याला एकदम हलकं वाटलं, इतकं की हसू आलं. एवढ्यासाठी आपण झोप घालवली! तो पट्टी परत देणार होता. पण हात मध्येच थांबला.

"आणि जेवण?"

परशरामानं पट्टीसाठी पुढं केलेला हात मागं घेतला.

"गोळी दारूची हाय. भाकरीला गोळी कसली?"

पलीकडच्या शेतात कुणीतरी बैलाला हाळी देत होतं. परशरामानं एक काडी उचलली आणि मोडली.

"पोटाचं खोटं सांगिटलं," तो म्हणाला. "आईला वचन दिलंय म्हणून सांगणार हुतो तुला, गावाकडं येता येता तेच ठरवलं हुतं. पण तसलं काय वचनबिचन न्हाय. वैनीनं ताट म्होरं ठेवलं आणि माझा हातच हुईना. आमच्या घरातलं कोण आजवर..." तो थांबला. "मी तुझ्यासंगं आठ वर्सं हाय रं. मलाच आवघड वाटलं, माझा हात का उठंना म्हणून."

"आणि आत्ता पाटील का म्हणालास?"

"आई तुला भाईर बसवंल म्हणून भ्यालो. तुझा अपमान नको म्हणून."

"माझा अपमान न्हवं, परशराम. तुझी पंचाईत."

परशरामानं काडीचे तुकडे खळ्यावर टाकले.

एस.टी.ची वेळ होत आली होती. भीमसेन उठला आणि रिकामा कप द्यायला घराच्या दाराकडं निघाला. रुक्माबाई आतनंच म्हणाली, "ऱ्हाऊ दे, ठेवा तितंच." त्यानं कप पायरीवर ठेवला. पाहुण्याला कशाला त्रास, म्हणून ती तसं म्हणाली असेल. किंवा कप उंबऱ्याच्या आत यायला नको म्हणून. वळणावर पोचल्यावर त्यानं मागं वळून बघितलं. रुक्माबाई अंगणात बसून राखेनं कप घासत होती. वापरलेली भांडी सगळीच घासतात. पारूबाईही राखेनंच घासते. तो तिथं उभा राहून बघत राहिला, आणि बघून काही कळणार नाही हे कळल्यावर चालू लागला.

घरी येऊन त्यानं दोघींना सगळं सांगितलं. शेवंताबाई म्हणाली, "म्हंजे निम्मा संशय खोटा आणि निम्मा खरा."

"त्या निम्म्याचं काय करायचं?" भीमसेननं विचारलं. ती ताटं मांडायला उठली.

पारूबाई म्हणाली, "लबाड बोलला पर शेवटी खरं बोलला न्हवं? एवढं तरी कोण बोलतंय." पण तिच्या आवाजात कौतुक नव्हतं.

परशराम रजेवरनं परत आला. बँकेत दोघं बोलू लागले, आधी टपालाबद्दल, मग बदल्यांबद्दल. स्कूटरवरनं एकत्र जाणं अजून बंदच होतं. संक्रांत होऊन गेल्यावर एका रविवारी दुपारी दारात फटफट झाली आणि बंद पडली. परशराम आत आला, पुढच्या खोलीत तसबिरींखालच्या खुर्चीवर बसला आणि म्हणाला, "वैनी, भूक लागलीया."

घरात वरणभात, भाकरी आणि वांग्याची भाजी होती. शेवंताबाईनं तेच वाढलं. पारूबाई समोर भिंतीला टेकून बसली आणि त्याच्या हाताकडं टक लावून बघत राहिली. ताटातनं तोंडापर्यंत, तोंडातनं परत ताटापर्यंत. पहिला घास त्याला गिळायला जड गेला, ते सगळ्यांना दिसलं. दुसऱ्या भाकरीला तो जरा सैल झाला. "भाजी तिखाट हाय," म्हणाला. "पाणी पी," पारूबाई म्हणाली आणि तांब्या तिनं स्वतः सरकवला. तो घटाघटा प्याला.

तो गेल्यावर शेवंताबाईनं विचारलं, "घरात सांगंल काय हितं जेवलो म्हणून?"

"ठावं न्हाय."

"गुणाबाईला तरी?"

"ते बी ठावं न्हाय," भीमसेन म्हणाला.

त्यानंतर परशराम येत राहिला. कधी न सांगता, कधी बोलावल्यावर. पुढच्या वर्षी पुन्हा पार्टीची पाळी आली तेव्हा त्यानं सगळ्यांदेखत सांगून टाकलं की मी सोडलीय, आणि भीमसेनबरोबर सोडा-लिंबू घेतलं. आण्णाप्पासाहेब तेवढे नाराज झाले. शेवंताबाई गुणाबाईला दर सणाला बोलावणं धाडायची. गुणाबाई एकदाही आली नाही. कधी उपास असायचा, कधी माहेरचं कुणी आजारी, कधी सासू गावाकडनं आलेली, आणि चौकशी केली तर दरवेळी ते खरंच निघायचं. शेवंताबाईनं बोलावणं धाडायचं थांबवलं नाही. परशराम एकटाच आला की ती त्याच्या मागं रस्त्यावर एकदा नजर टाकायची, आणि मग दार लावून घ्यायची.